पहिल्या हाकेला

१

दादाच्या वाडग्यातला भात सकाळी मी खातो.

संध्याकाळी आई तो वाडगा भरते, झाकण लावते आणि चुलीकडच्या कोपऱ्यात, जिथे चुलीच्या धगीने जमीन सगळ्यात गरम असते तिथे, गोधडीखाली सरकवते. बाहेर गेलेल्या माणसाचं जेवण आमच्याकडे असंच ठेवतात. तो आला, बसला, झाकण काढलं की वाफ यायला हवी. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वाफ त्याच्यासाठी असते, गार भात माझ्यासाठी. भात टाकून द्यावा असे दिवस अजून आलेले नाहीत, आणि तो भातही भात नसतो, जव असतो.

लढाई संपून जपानी गेल्यानंतरच्या वसंतात आम्ही डोंगरावरून पुन्हा किनाऱ्यावर उतरलो. घराच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. मी गवत आणून छप्पर शाकारलं. वाडगा पितळी आहे. पळताना आईने तो पाइनच्या झाडाखाली पुरला होता, परत येताना नखांनी उकरून काढला. छपराआधी तिने तो घासला.

ही गोष्ट सहाव्या महिन्यातली. सकाळी उठून मी झाकण काढलं. आतल्या बाजूला नेहमीसारखे थेंब जमले होते. ते मी जिभेने चाटतो, लहानपणापासूनची खोड. दादा म्हणायचा, "ह्याला वाडगा नको, नुसती झाकणं द्या."

थेंब खारट होते.

पुन्हा चाटलं. खारट. भाताचा घास घेतला. तोही खारट, आणि मिठाचा खारटपणा तो नव्हता. पोहताना नाकातोंडात पाणी गेलं की घशाला जी चव लागते, ती होती.

२

"आई, भातात मीठ घातलंस?"

"भातात मीठ? तू काय मासा आहेस, खारवून ठेवायला?"

"मग रडलीस का त्यात?"

माझी जीभ डोक्याच्या आधी धावते. आईचा हात चुलीवर थांबला.

"रडायला काय झालं?" ती म्हणाली. "कोण मेलंय?"

 आमच्या घरात ही एकच गोष्ट बोलायची नसते.

मी विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं. गोड होतं. वाडग्याला कुठे चीर आहे का ते उन्हात धरून पाहिलं. नव्हती. समुद्राचा वारा दाराला लावलेल्या कागदातून आत येत असेल, गोधडीवर बसत असेल, असंही मनाला सांगितलं. वारा झाकणाच्या आत कसा शिरेल, हे मन विचारत होतं आणि मी त्याला उत्तर देत नव्हतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, आई बाहेर गेली तेव्हा मी झाकण आणि वाडगा गवताच्या दोरीने करकचून बांधले. गाठ दादाने शिकवलेली होती. गावात ती दुसऱ्या कुणाला येत नाही.

सकाळी गाठ तशीच होती. दोरी कोरडी होती. गोधडीही कोरडी. झाकण काढलं तर वाडगा काठोकाठ पाण्याने भरलेला, जवाचे दाणे वर तरंगत होते. पाणी घरामागे ओतलं. तळाशी बोटभर वाळू होती.

त्या दिवशी मी काही खाल्लं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

आणखी एक सांगायला हवं. मला आई नेहमी दोनदा हाक मारते, कारण पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. आळस म्हणून नव्हे, अडेलपणा म्हणून. कुणी बोलावलं की मला आधी रागच येतो. दुसऱ्या हाकेपर्यंत तो उतरतो. दादा म्हणायचा, "पहिली हाक गावाला, दुसरी राजेसाहेबांना."

त्याच दुपारी मी अंगणात बांबू तासत होतो. आतून आईची हाक आली, "सुदोल!" मी सवयीप्रमाणे गप्प राहिलो. दुसरी हाक आली नाही. बऱ्याच वेळाने मी आपणहून आत गेलो.

"पाणी कुठाय?" आईने विचारलं.

"कुठलं पाणी?"

"मगाशी ओ दिलास ना! पहिल्याच हाकेला. मी म्हटलं, चला, पोरगं सुधारलं एकदाचं."

"मी ओ दिला नाही."

"मग काय मांजराने दिला?"

आई हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"कुठून आला ओ?" मी विचारलं.

तिने पळीने चुलीकडच्या कोपऱ्याकडे दाखवलं. गोधडीकडे. मग पळी हळूहळू खाली आली, आणि हसणं राहिलं ते नुसतं ओठांवर.

३

दादाचं नाव मानसोक. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.

तो दोन वर्षं लढाऊ जहाजावर वल्ह्याला होता. ताप घेऊन परत आला तेव्हा त्याचे तळहात झाडाच्या सालीसारखे झाले होते. त्याची पाळी संपली होती, यादीतून नाव खोडलं गेलं होतं. पुढच्या यादीत माझं नाव होतं. मी तेव्हा सतरा वर्षांचा.

जहाजासाठी माणसं न्यायला ते ज्या दिवशी आले त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. माशांच्या कुंपणाची दोरी वळायला त्याने सांगितलं आणि मी ती त्याच्या अंगावर फेकली. त्याने मला एक ठेवून दिली. मी गवताच्या खोपटात जाऊन बसलो आणि ठरवलं की आज जेवायचंही नाही.

"सुदोल!"

मला तो आईचा आवाज वाटला, असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण तो पुरुषाचा आवाज होता, अनोळखी, कागदावरून वाचणारा. मला कळलं होतं तो कुणाचा. मी विचार केला, दुसऱ्या हाकेला जाऊ.

दुसरी हाक आलीच नाही. त्याआधी दादा म्हणाला, "ओ!"

खोपटाच्या फटीतून मला अंगण दिसत होतं. कारकुनाने कागद पाहिला, मग दादाला.

"इथे सतरा लिहिलंय. तू सतराचा?"

"उन्हातलं काम आहे साहेब. लवकर पिकलो."

कारकून हसला, शिपाई हसले. आई हातात चाळणी घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. एक नाव सांगितलं असतं तर एक मुलगा गेला असता, दुसरं सांगितलं असतं तर दुसरा. ती चाळणी धरून उभी राहिली.

दादाने खोपटाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की तिकडे कोण आहे. त्याच्या टाचा मला दिसल्या, उजवीला भेग होती. मी पळत किनाऱ्यावर गेलो तोपर्यंत होडी भूशिराच्या पलीकडे गेली होती.

दोन महिन्यांनी, सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी, आपलं सगळं आरमार आमच्या समोरच्या चिलचोनच्या चिंचोळ्या पाण्यात जळालं. डोंगरावरून आम्ही धूर पाहिला. एवढा मोठा धूर होता की आम्हाला वाटलं, आपण जिंकलो.

४

माशांचं कुंपण त्याच पाण्यात आहे. उथळ जागी बांबू रोवलेले. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात, आणि आम्ही टोपल्यांनी उपसतो. माझ्याबरोबर चिलबोककाका असतो. दादाच्या जहाजावरून परत आलेला तो एकटाच. त्याचा डावा कान जळून मेणासारखा विरघळला आहे. तो म्हणतो, बायकोकडचा कान गेला, नशीब.

त्याने परत आल्यावर आईला सांगितलं होतं की मानसोकला छातीत बाण लागला, लगेच गेला, कळलंही नाही त्याला. आई म्हणाली होती, "तू दुसऱ्या कुणाला पाहिलं असशील."

वाळूच्या त्या सकाळनंतर तीन दिवसांनी मी कुंपणात गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याला सगळं सांगून टाकलं. भात, गाठ, हाक.

"भूक आहे पोरा," तो म्हणाला. "भुकेल्या माणसाला भातात समुद्र दिसतो. मला तर परवा बायको सुंदर दिसली."

"आईने ओ ऐकला, काका."

त्याची टोपली तिरकी झाली. मासे पुन्हा पाण्यात गेले. त्याने ते जाऊ दिले.

"काय हाक मारली तिने?"

"मला मारली. सुदोल म्हणून."

बांबूंमधून पाणी खळखळत होतं. काकाने इकडेतिकडे पाहिलं, जसं कुणी ऐकत असेल.

"आम्ही त्याला सुदोलच म्हणायचो," तो म्हणाला. "यादीत तेच होतं. मी शेजारी होतो म्हणून मला खरं नाव ठाऊक, पण मीही तेच म्हणायला लागलो. सवय हवी. झोपेतून उठवला तरी सुदोल म्हटल्यावर ओ आला पाहिजे, नाहीतर फटके त्याला आणि मलाही. त्याने अशी सवय केली की मानसोक म्हटलं तर तो वळूनही बघायचा नाही."

"बाण लागला तेव्हा..."

"बाण नव्हता."

 तो कुंपणाकडे तोंड करून बोलत होता.

"दिवसभर वल्हवून आलो होतो. पाणी नाही, ताकद नाही. एका बेटावर पाण्याला उतरले, त्यातले बरेच परतलेच नाहीत. इथे येऊन नांगर टाकला. पाऊस. पहाटे आग. वर काय चाललंय ते खाली वल्ह्याला कळत नाही रे. आम्हाला फक्त ढोल कळतो. पुढे, मागे, पुढे, मागे. ढोल थांबला. मग जहाज कलंडलं. मी फटीतून बाहेर फेकला गेलो. ते उलटं होऊन तरंगत होतं. मी तळावर मूठ आपटली. हाक मारली, सुदोल! आतून ओ आला."

"मग?"

"मग मी पोहत सुटलो."

"काका."

"मागून येत होता ओ. मी हाक मारत नव्हतो, तरी येत होता. थोडं थांबून पुन्हा. जसं कुणी मारतच होतं."

मी त्याला मारलं. आधी गालावर, मग जिथे लागेल तिथे. तो वयाने माझ्या बापाएवढा आहे. त्याने हात वर केला नाही.

"मार," तो म्हणाला. "बरं वाटतं."

मी दमल्यावर त्याने माझी टोपली पाण्यातून उचलून दिली.

"परत आल्यापासून मी तुला नावाने हाक मारत नाही," तो म्हणाला. "पोरा म्हणतो. तुझ्या लक्षात आलं नव्हतं ना?"

५

आमच्या गावात सत्तावीस घरांचं श्राद्ध एकाच दिवशी येतं.

मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, कोण मेलंय? तिने वाडगा ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तिथे अडकला असेल तर आणायला नको का?"

बुडालेल्याला आणायची रीत आहे. त्याचा वाडगा तांदळाने भरायचा, वर पांढरं फडकं बांधायचं, लांब कापडाच्या टोकाला बांधून पाण्यात सोडायचा आणि तीनदा नाव घ्यायचं. वर काढल्यावर तांदळात केस सापडला तर माणूस आला. मग भगतीण त्याला धुते, समजावते आणि पुढच्या वाटेला लावते. आमच्याकडे तांदूळ नव्हता. शेजारच्या घरांनी मूठमूठ दिला.

सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी दुपारी ओहोटी होती. ऊन होतं. पाण्यात सगळीकडे होड्या होत्या आणि प्रत्येक होडीतून कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं. आमच्या होडीत आई, मी, भगतीण आजी आणि वल्ह्यावर चिलबोककाका. आजी सकाळपासून बारा घरांची माणसं काढून आली होती. ती वाळवलेला मासा चघळत होती.

"रडू नका," ती म्हणाली. "पाणी वाढतं. नाव काय?"

"मानसोक," आई म्हणाली.

वाडगा खाली गेला. आजीने तीनदा हाक मारली. कापड सैल पडून राहिलं. तिने ते वर ओढलं, फडकं सोडलं.

तांदूळ कोरडा होता.

आजीने बोटं घातली. दाणे बोटांतून सळसळत सुटले, पोत्यातून काढल्यासारखे. फडकं मात्र चिंब होतं. तिने चघळणं थांबवलं.

"असं नसतं होत," ती म्हणाली. मग आईकडे पाहून, "ह्या नावाचा कुणी इथे आलाच नाही, बाई."

काकाने मान खाली घातली. मी बोललो.

"तो माझ्या नावाने गेला होता. सुदोल."

"तू कोण?"

"सुदोल."

आजीने वाडगा छातीशी धरला. "मग संपलं. जिवंत माणसाचं नाव पाण्यात घेत नाहीत."

"मग तो तिथेच राहणार?"

"माझ्याकडे बघून ओरडू नको. असं धर की तो तिथे नाही."

"आहे! काकाला विचार आहे की नाही!"

"विचारून काय करू? मी नाव घेतलं तर कोण येईल ते तुला ठाऊक आहे? आणि कोण जाईल?"

मी वाडगा तिच्या हातातून हिसकावला. फडकं बांधलंही नाही नीट. होडी हलली, काका ओरडला, मी तो पाण्यात फेकला आणि कापड धरून काठावर उभा राहिलो. नाव माझं होतं. ते कुठे टाकायचं ते मी ठरवणार होतो. माझं तोंड उघडलंही होतं.

आईला वाटलं मी उडी मारतो आहे.

"सुदोल!" ती किंचाळली.

पहिल्या हाकेला मी ओ देत नाही.

"ओ," होडीखालून आवाज आला.

मोठा नव्हता. फळ्यांच्या पलीकडून, तळपायाला लागावा असा आला. दादाचा होता. थकलेला, पण लगेच आलेला, फटके चुकवण्याइतका लगेच. काकाने वल्हं सोडून दोन्ही कानांवर हात घेतले, जळक्या कानावरसुद्धा.

आजी म्हणाली, "बाई, आता बोलू नको. तोंड मिट."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग काठावर ओणवी झाली. कपडे नाहीत, केस नाहीत, काही सावरलं नाही. पाण्याला तोंड लागेल इतकी वाकली आणि रोज संध्याकाळी दारातून बोलावते तसं बोलावलं.

"सुदोल. चल बाळा, जेवायला."

माझ्या हातातलं कापड ताठ झालं.

वर ओढताना वाडगा जड होता, भरल्या टोपलीहून जड. फळीला टेकला तेव्हा एकदम हलका झाला, आणि होडी मात्र थोडी खाली बसली. काकाने ते पाहिलं. मीही पाहिलं. पाण्याची रेघ फळीवर चार बोटं वर आली आणि तिथेच राहिली.

तांदूळ भिजून फुगला होता. त्यात एक काळा केस होता, हातभर लांब.

६

आजी आमच्या घरी आली नाही. उंबऱ्यापर्यंतही नाही.

"पुढची वाट दाखव त्याला," मी रस्त्यात तिचा हात धरून म्हणालो. "बाकीच्यांना दाखवलीस तशी."

"नाव घेऊन सांगावं लागतं, जा म्हणून," ती म्हणाली. "सुदोल, जा. मी म्हणू? दोघांतला कोण उठेल?"

"मी गेलो तरी चालेल."

तिने मला थोबाडीत मारली. दादाने मारली होती तशीच, त्याच गालावर. मग बाहीने स्वतःचं नाक पुसत निघून गेली.

त्या दिवसापासून भात खारट लागत नाही. सकाळी वाडगा रिकामा असतो, धुतल्यासारखा. आई जास्त जव शिजवते. तिच्या चेहऱ्यावर रंग आला आहे. तिने मला विचारलं, "घर भरल्यासारखं वाटत नाही का?" वाटतं. ते खोटं नाही. चुलीकडच्या कोपऱ्यात एक ओलसर वास असतो, जुन्या दोरीचा. मला भीती वाटते आणि मला तिथे जाऊन बसावंसंही वाटतं. त्याच्या अंगावर दोरी फेकली त्याबद्दल मी अजून काही बोललेलो नाही.

आई हाक मारते, "सुदोल!" कोपऱ्यातून ओ येतो. मी थांबतो. मग ती पुन्हा हाक मारते, आणि मी ओ देतो. पहिली त्याची, दुसरी माझी. मी स्वतःला म्हटलं, हे बरोबरच आहे. पहिली हाक मी कधी घेतलीच नव्हती.

एकदाच पाहिलं. दुपार होती, आई विहिरीवर होती. मी कुंपणावरून परतलो तर दाराच्या कागदामागे आतून आवाज येत होता, लाकूड लाकडावर घासल्यासारखा. कागदाला बोटाएवढं भोक आहे. मी डोळा लावला.

गोधडी बसलेली होती. कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसावं आणि डोक्यावरून पांघरावं तशी. ती पुढे झुकत होती, मागे जात होती. पुढे, मागे. कुठेही ढोल नव्हता. गोधडीखालून एक टाच बाहेर आली होती, पांढरी, पाण्यात फार वेळ राहिलेली. तिच्यावर भेग होती.

मी पळालो नाही. मी हळूच म्हणालो, "दादा."

गोधडी हललीच नाही. पुढे, मागे.

मी म्हणालो, "मानसोकदादा."

पुढे, मागे.

तिसरं नाव मला ठाऊक होतं. ते मी घेतलं नाही.

७

आठवा महिना लागला आहे. दुसरी हाक उशिरा यायला लागली.

आधी एका श्वासाचं अंतर असे. मग मी एक बांबू तासून संपवायचो तेवढं. आई विसरते असं नाही. तिला ओ मिळालेला असतो. ओ मिळाल्यावर माणूस पुन्हा हाक मारत नाही, तिला आठवावं लागतं की अजून एक आहे. परवा मी आत गेलो तेव्हा ती दचकली. "कोण?" म्हणाली. मग हसली, "काय रे, पाहुण्यासारखा दारात उभा!" पण ते विचारताना तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नीट बसत नव्हती, जसं ऊन डोळ्यांत असावं.

चिलबोककाकाला मी म्हटलं, "काका, मला एकदा नावाने हाक मार."

"पोरा, मागू नको ते," तो म्हणाला, आणि त्याच्या वाट्याचे मासे माझ्या टोपलीत ओतले.

आज संध्याकाळी मी कुंपणावरून आलो आणि अंगणात थांबलो. चूल पेटली होती. शेवाळाच्या आमटीचा वास येत होता. दार उघडं होतं, आई मला दिसत होती, तिची पाठ.

"सुदोल!"

"ओ," आतून आवाज आला. आता तो थकलेला नव्हता.

मी टोपली खाली ठेवली आणि थांबलो. आतून भांड्यांचे आवाज येत होते. आई काहीतरी म्हणाली, आणि कुणीतरी काहीतरी म्हटल्यासारखी ती हसली. टोपलीतले मासे तडफडायचे थांबले. शेजारच्या घरात दिवा लागला.

मग आई उठली. माझा लाकडी वाडगा तिने खाली काढला, त्यात भात वाढला, वर झाकण ठेवलं आणि तो कोपऱ्यात नेऊन गोधडीखाली सरकवला. बाहेर गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. गोधडीची कड तिने दोन्ही हातांनी नीट दाबली आणि दाराकडे वळली. अंगणात पाहिलं, माझ्याच दिशेने, आणि दार ओढून घेतलं.

दुसरी हाक आलेली नाही.

मला ती येण्याची वाट बघायची गरज नाही. दाराला कडी नाही, मध्ये नुसता कागद आहे. इथून "ओ" म्हटलं तरी आईला ऐकू जाईल, पहिली हाक माझी होईल, आणि मग कोपऱ्यातल्याला उठावं लागेल, परत जावं लागेल, त्या उलट्या जहाजाखाली.

नुसतं ओ म्हणायचं आहे. त्या दिवशीही तेवढंच म्हणायचं होतं.